ठासणीच्या बंदुकीतून हरणासाठी कोणती गोळी? (ओहायो, जानेवारी)

मक्याचं_कणीस
नमस्कार मंडळी. हा धागा अमेरिकेतल्या, परवाना काढून केलेल्या कायदेशीर शिकारीबद्दल आहे हे आधीच सांगतो. ज्यांना विषयच नको असेल त्यांनी दुसरा धागा उघडावा, राग नाही.

मी कोलंबसपासून तासाभरावर राहतो. हंटर एज्युकेशनचा कोर्स झालाय, लायसन्स आणि हरणाचं परमिट आहे, शेजारच्या शेतकऱ्याची लेखी परवानगी आहे. त्याच्या सोयाबीनचा व्हाइटटेल हरणं दरवर्षी फडशा पाडतात, त्यामुळे त्याने परवानगी हसतहसत दिली. थँक्सगिव्हिंगनंतरचा बंदुकीचा आठवडा मात्र कोरडा गेला. आता जानेवारीच्या सुरुवातीला मझल-लोडरचे, म्हणजे ठासणीच्या बंदुकीचे, चार दिवस आहेत.

बंदूक सेकंडहँड मिळाली आहे: सीव्हीए वुल्फ, .५० कॅलिबर, इनलाइन, २०९ प्रायमरवाली (दारू पेटवणारी छोटी टोपी थेट नळीच्या मागे बसते), वर साधा स्कोप. नळीवर १:२८ लिहिलंय. दारू आणि प्रायमर समजलं. पण गोळ्यांच्या मांडणीपुढे उभा राहिलो आणि डोकं चालेना. सॅबो, कॉनिकल, पॉवरबेल्ट, तांब्याच्या, शिशाच्या, गोल. २४० ग्रेनपासून ३५० ग्रेनपर्यंत. तिथला पोरगा म्हणाला, "तीन पेलेट टाक आणि कुठलीही घे." (पेलेट म्हणजे दारूची दाबून केलेली वडी.) हे मला पटलं नाही. अंतर जास्तीत जास्त ९० यार्ड, बहुतेक वेळा ५०. काय घेऊ?

सातासमुद्रापार
वाचतोय. विषय नवीन आहे. इतकी वर्षं अमेरिकेत राहून ठासणीची बंदूक अजून कुणी वापरतं हेच माहीत नव्हतं. काडतुसाची बंदूक असताना हा द्राविडी प्राणायाम कशाला?

मक्याचं_कणीस
दोन कारणं. एक, तिच्यासाठी वेगळा हंगाम असतो, म्हणजे रानात जायला जादा दिवस मिळतात आणि गर्दी कमी. दोन, एकच बार. चुकला तर पुन्हा दारू ओता, गोळी ठासा, प्रायमर लावा. तोवर हरीण पुढच्या काउंटीत. त्यामुळे माणूस नीट थांबतो. मला ते आवडतं.

जुना_बार
कणीसभाऊ, त्या पोराचं ऐकलं नाहीत ते बरं केलंत. सविस्तर लिहितो, चहा घेऊन बसा.

गोळी सगळ्यात शेवटी ठरते. आधी राज्याचा नियम, मग नळीचा पीळ, मग दारू, मग अंतर. हे चार नक्की झाले की मांडणीवरची तीन चतुर्थांश खोकी आपोआप बाद होतात. ओहायोत सॅबो चालतो, स्कोप चालतो, त्यामुळे तुमचा पहिला प्रश्न सुटला. सगळीकडे तसं नसतं, त्यावर कोलोराडोवाल्या ताई सांगतीलच.

पीळ. १:२८ म्हणजे नळीतले आटे, आतल्या पिळदार खाचा, २८ इंचांत एक पूर्ण फेरा घेतात. हा जलद पीळ झाला. गोळी जितकी लांब, तितकी तिला हवेत सरळ ठेवायला गिरकी जास्त लागते. तुमची नळी लांब गोळ्यांसाठीच बनवली आहे. चिंधीत गुंडाळलेली गोल शिशाची गोळी हवी असेल तर १:६० ते १:७० असा मंद पीळ लागतो. १:४८ ही मधली तडजोड: दोन्ही चालतात, दोन्ही फार छान चालतीलच असं नाही. तेव्हा गोल गोळी तुमच्यापुरती बाद. कमी दारूवर ती १:२८ मधूनही बरी जाते, पण दारू वाढवली की आट्यांवरून घसरते आणि नेम विस्कटतो.

आता सॅबो. गोळीभोवती प्लॅस्टिकची खोळ असते. .५० च्या नळीत .४५२ इंचाची, पिस्तुलाच्या जातीची गोळी बसवायची, मधली फट ही खोळ भरते. आटे खोळीला पकडतात, खोळ गोळीला फिरवते, आणि नळीबाहेर पडल्यावर पाकळ्या उघडून खोळ गळून पडते. हॉर्नाडी एसएसटी २५०, हॉर्नाडी एक्सटीपी २४० किंवा ३००, बार्न्सच्या तांब्याच्या २५० आणि २९०, ही सगळी याच पंथातली.

दुसरा पंथ पूर्ण व्यासाच्या गोळ्यांचा. जुन्या पद्धतीच्या जाड शिशाच्या कॉनिकल, बाहेरून वंगण लावलेल्या. किंवा पॉवरबेल्टसारख्या, ज्यांच्या बुडाला प्लॅस्टिकचा छोटा घागरा असतो. या ठासायला फार सोप्या. थंडीत हातमोजे घालून दुसरा बार भरायचा असेल तेव्हा त्याचं मोल कळतं.

मऊ शिसं कमी वेगाला उत्तम. शिसं मऊ असतं म्हणून ते हरणात शिरल्यावर पसरतं आणि तरीही एकसंध राहतं. तीच मऊ गोळी १५० ग्रेन दारूने हाकलली आणि हरीण ३० यार्डांवर असलं तर ती आत जाऊन फुटते, पलीकडून बाहेर येत नाही. मग एकच भोक, तेही वरच्या बाजूला, आणि रक्ताचा माग नाही. मला विचाराल तर ठासणीच्या बंदुकीत दोन भोकं हाच सगळा खेळ आहे. हायपॉवर रायफलचा वेग इथे नाही. फुप्फुसातून आरपार गेली की हरीण थोडं धावून पडतं, आणि पलीकडच्या भोकातून पडलेलं रक्त तुम्हाला तिथवर नेतं.

म्हणून तीन पेलेट नकोत. एक पेलेट ५० ग्रेनचं, दोन म्हणजे १००. २४ इंची नळीत तिसऱ्या पेलेटमुळे खांद्याला लाथ, धूर आणि काजळी नक्की वाढते. वेग वाढतो तो त्या मानाने फारच थोडा. ९० यार्डांसाठी १०० पुष्कळ आहे, ८० सुद्धा चालेल. २५० ग्रेनची गोळी १०० ग्रेन दारूवर सेकंदाला साधारण १८०० ते १९०० फुटांच्या घरात जाते.

माझं मत: २५० ग्रेनची सॅबोवाली घ्या, दोन वेगवेगळ्या जातींची एकेक खोकी, आणि रेंजवर नळीला ठरवू द्या. एकाच कंपनीच्या एकाच मॉडेलच्या दोन बंदुकांनाही वेगळ्या गोळ्या आवडतात.

अर्धा_कप
बाळबोध प्रश्न. दारूपण ग्रेनमध्ये आणि गोळीपण ग्रेनमध्ये? २५० ग्रेनच्या गोळीला १०० ग्रेन दारू म्हणजे वजनाच्या चाळीस टक्के?

जुना_बार
बाळबोध अजिबात नाही, इथेच अपघात होतात. गोळीचा ग्रेन हे वजन आहे: ७००० ग्रेनचा एक पौंड, म्हणजे २५० ग्रेन म्हणजे सोळा ग्रॅमच्या आसपास. दारूचा ग्रेन मात्र आकारमानाने मोजतात. काळ्या दारूचे १०० ग्रेन ज्या मापात मावतात, ते माप भरून पर्यायी दारू, म्हणजे काळ्या दारूऐवजी हल्ली वापरतात ती, घ्यायची. ब्लॅकहॉर्न २०९ चं तेवढंच माप वजनाला साधारण ७० ग्रेन भरतं. कुणी काट्यावर १०० ग्रेन तोलून नळीत ओतली तर बार ठरलेल्यापेक्षा बराच जड होतो. ट्रिपल सेव्हन ही दुसरी पर्यायी दारू तर मापाला माप धरलं तरी काळ्या दारूपेक्षा जोरदार आहे. डब्यावर लिहिलेलं वाचा आणि मापाचं नळकांडंच वापरा.

आणि काडतुसात असते ती धूररहित दारू या बंदुकीत कधीही, चिमूटभरसुद्धा नाही. नळी फुटते. तिच्यासाठी खास बनवलेल्या मोजक्या बंदुका आहेत, तुमची त्यातली नाही.

चकमक
जुना_बार यांचं सगळं मान्य, पण गोल गोळीला असं एका वाक्यात घालवू नका हो!

मी पेन्सिल्व्हेनियात. आमच्याकडे नाताळनंतरचा हंगाम फक्त फ्लिंटलॉकचा. चकमकीच्या ठिणगीने पेटणारी बंदूक, नेम धरायला साध्या लोखंडी साइट्स, स्कोप नाही. १९७४ पासून ही प्रथा आहे आणि लोक ती सणासारखी पाळतात. माझी नळी .५०, पीळ १:६६. गोळी .४९० इंचाची, शुद्ध शिशाची, वजन १७७ ग्रेन. भोवती वंगण लावलेली सुती चिंधी, गजाने हळूहळू खाली. दारू खरी काळी, सोरा-कोळसा-गंधकवाली, कारण पर्यायी दारू चकमकीच्या ठिणगीने नीट पेटत नाही.

गोल गोळीचा दोष एकच, ती वेग फार लवकर गमावते. तोंडाशी १९०० फूट असेल तर १०० यार्डांवर जेमतेम ११००-१२००. म्हणून मी ५० यार्डांच्या पलीकडे चाप ओढत नाही. पण त्या अंतरात अर्ध्या इंचाचं शिसं जे काम करतं ते बघून २५० ग्रेनवाले गप्प बसतात.

शिसं शुद्धच हवं. गाडीच्या चाकांची जुनी वजनं वितळवून गोळ्या ओतणारे लोक आहेत, पण ते मिश्रण कडक असतं, नीट पसरत नाही आणि ठासायलाही जड जातं.

अर्धा_कप
१७७ ग्रेन? तोळा १८० ग्रेनचा असतो ना? म्हणजे तुम्ही हरणावर एक तोळा शिसं झाडता.

चकमक
😄 बरोब्बर. ११.६६ ग्रॅमचा तोळा, त्याला दीडेक गुंज कमी. सोनाराकडे जाऊन वजन करून घ्यायला हवं.

कोकणी_काजू
अवांतर, पण राहवत नाही. आमच्याकडे सिंधुदुर्गात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक घरोघरी नसली तरी वाडीत एखादी असायचीच. आजोबांची अजून माळ्यावर आहे, म्हणजे होती, निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा करायची आणि मग आणायची. त्या नळीला आटे वगैरे काही नाही, आत गुळगुळीत. दारू, वर काथ्या, मग छर्रे, पुन्हा काथ्या. रात्री भातावर रानडुकरं आली की आवाजाचा बार. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार बंदच, तेव्हा डुकराला लागली तर वन खात्याचं लचांड मागे. तुमच्याकडे पिळाचा इंचात हिशोब चाललाय हे आजोबांना सांगितलं असतं तर म्हणाले असते, आधी डुकर दाखव.

निरांजन
मला एक कळत नाही. सुपरमार्केटात सगळं मिळत असताना मुक्या प्राण्याला मारण्याची हौस कशाला? आणि वर कुठल्या गोळीने छान मरतो याची चर्चा. वाचवत नाही.

कोलोराडोची_कैरी
निरांजन, तुमचा आक्षेप समजतो, आणि शाकाहारी असाल तर माझ्याकडे उत्तर नाही. पण सुपरमार्केटातली कोंबडी खाणाऱ्याने हे विचारलं तर मी हसते. गोळीची चर्चा आहे ती प्राण्याला कमीत कमी वेळ त्रास व्हावा म्हणूनच. चुकीची गोळी म्हणजे जखमी होऊन रात्रभर भटकणारं हरीण. यापुढे या विषयासाठी वेगळा धागा काढा, मी नक्की येईन.

आता कणीसदादा. तुम्ही ओहायोत आहात म्हणून सुखी आहात. आमच्याकडे मझल-लोडर हंगामात सॅबो बंद, पेलेट बंद, स्कोप बंद. सुटी दारू आणि साध्या साइट्स. हरणासाठी किमान .४० कॅलिबर, एल्कसाठी (सांबरासारखं मोठं हरीण) .५०. गोळीची लांबी व्यासाच्या दुपटीहून जास्त नको. म्हणजे वर जुना_बार यांनी जी यादी दिली तीतली एकही सॅबोवाली माझ्या कामाची नाही. मी पूर्ण व्यासाची जाड शिशाची कॉनिकल वापरते, ८० ग्रेन सुट्या दारूवर. माझा हंगाम सप्टेंबरात, डोंगरात, म्यूल डिअरच्या मागे. थंडी नाही, पण अंतर फसवं असतं; मोकळ्या उतारावर १५० यार्ड ८० सारखे दिसतात. साध्या साइट्सवर माझी मर्यादा ८० आहे आणि ती मी रेंजफाइंडरने मोजते, डोळ्याने नाही.

जड कॉनिकलबद्दल एक सावधगिरी. सॅबो नळीत घट्ट बसतो. वंगणवाली कॉनिकल मात्र नळी खाली करून दिवसभर चालताना पुढे सरकू शकते. दारू आणि गोळीत फट पडली की बार उडताना नळीला धोका. म्हणून गजावर खूण करून ठेवा: गोळी पूर्ण बसलेली असताना नळीच्या तोंडाशी गज जिथे येतो तिथे चाकूने रेघ. मी मधूनमधून गज घालून बघते. ही खूण तुम्हीही करा, गोळी कुठलीही असो.

(आणि हो, इथे शिकाऱ्याच्या झगझगीत केशरी जाकिटाऐवजी गुलाबी जाकीटही कायद्याने चालतं. मी केशरीच घालते.)

किनाऱ्यावरचा
कॅलिफोर्नियातून. आमच्याकडे १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिसंच बंद, ठासणीची बंदूकसुद्धा त्यात आली. त्यामुळे मी तांब्याच्या गोळ्यांवरच आहे. अनुभव चांगला. बार्न्सची गोळी सहा पाकळ्यांत उलगडते आणि वजन जवळपास तेवढंच राहतं, त्यामुळे जुना_बार म्हणतात ती दोन भोकं हमखास. पण तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते, तिला जलद पीळ हवाच. तुमचा १:२८ चालेल. फार कमी दारूवर तांबं नीट उलगडत नाही, ८० च्या खाली जाऊ नका. किंमत मात्र झोंबते.

घरात लहान मुलं खाणार असतील तर तांब्याचा विचार जरूर करा. शिशाचे बारीक कण जखमेपासून वाटतं त्यापेक्षा लांब जातात, डोळ्याला दिसत नाहीत. ठासणीच्या बंदुकीचा वेग कमी, त्यामुळे फुटणं रायफलपेक्षा कमी, पण शून्य नाही.

मक्याचं_कणीस
मुलं खाणार आहेत. हा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता. म्हणजे एक खोकं एसएसटी २५०, एक बार्न्स २५०?

जुना_बार
हो. बार्न्सची सपाट बुडाची टी-ईझेड मिळाली तर ती घ्या, ठासायला हलकी जाते. काही नळ्या आतून किंचित अरुंद असतात, त्यांत घट्ट सॅबो घालताना माणूस गजावर लोंबकळतो. अंगठ्याने सुरुवात करून एका दमात, एकसारख्या जोराने खाली गेली पाहिजे. फार सैल गेली तर तेही वाईट, वायू बाजूने निसटतो.

रेंजवर प्रत्येक बारानंतर नळी पुसा. ओली चिंधी, मग कोरडी. ट्रिपल सेव्हन वापरलीत तर दारूच्या जागेपुढे काजळीचं कडक कडं जमतं, दुसरी गोळी तिथेच अडते आणि तुम्हाला वाटतं बसली. गजावरची रेघ इथेही कामाला येते. नळी थंड होऊ द्या, गरम नळीत प्लॅस्टिक मऊ पडतं आणि तिसरी गोळी भलतीकडे जाते. मग लोक गोळीला शिव्या देतात.

एच१बी_वनवासी
मध्येच एक प्रश्न. मी अजून व्हिसावर आहे. मला हे चालेल का? बंदुकीला हात लावायचा नाही असं ऐकलंय.

कागदपत्रे_तयार
केंद्रीय कायद्याने व्हिसावरच्या माणसाला बंदूक आणि काडतुसं बाळगायला बंदी आहे, पण वैध हंटिंग लायसन्स हा त्याला अपवाद आहे. शिवाय नळीच्या तोंडातून भरायची बंदूक १९६८ च्या केंद्रीय कायद्यात बहुतेक वेळा 'अँटिक' धरली जाते. बहुतेक वेळा म्हणतो कारण जिची नळी बदलून सहज काडतुसाची करता येते तिला ही सवलत नाही. आणि राज्यं आपापलं बघतात: न्यू जर्सी ठासणीच्या बंदुकीलाही बंदूकच मानते. ग्रीन कार्डचा अर्ज आत असताना धाग्यावरच्या सल्ल्यावर बंदूक घेऊ नका. वकिलाला एक ईमेल टाका, त्याची फी हरणापेक्षा महाग पडली तरी.

वऱ्हाडी_ठेचा
गोळी भेटली, दारू भेटली, पर हरीण भेटल्यावर करता काय ते कोणी सांगून नाही राह्यलं! बर्गर नका करू बाप्पा. मांडीचं मटण बारीक कापा, चरबी सगळी काढा, ती मेणावानी लागते. मग खोबरं-खसखस भाजून सावजी करा. ह्या मटणाले सोताची चरबी नाही, तेल जरा सढळ.

कोलोराडोची_कैरी
+१. आणि जखमेभोवतीचं तळहाताएवढं मांस सरळ टाकून द्या. शिसं असो वा तांबं.

मक्याचं_कणीस
काल रेंजवर जाऊन आलो. दोन पेलेट, ५० यार्ड, मग १००.

एसएसटीचा पहिला बार छान, पण १०० यार्डांवर तीन गोळ्या तळहातात मावतील एवढ्या पसरल्या. बार्न्सच्या तिन्ही अंड्याएवढ्या जागेत. पुन्हा मारून बघितलं, तेच. गंमत म्हणजे शेजारी एक आजोबा माझ्यासारखीच वुल्फ घेऊन आले होते, त्यांच्याकडे उलटं: एसएसटी एकावर एक, तांब्याची विखुरलेली. जुना_बार, तुमचं म्हणणं बरोबर निघालं, मी मनातून मानलं नव्हतं.

तर बार्न्स. १०० यार्डांवर स्कोपचा नेम बसवून घेतलाय. अजून एक शंका: दिवसभर बसून हरीण आलं नाही तर भरलेली बंदूक संध्याकाळी काय करायची? जमिनीत झाडून मोकळी करायची?

चकमक
मी रोज झाडतो. फ्लिंटलॉकमध्ये रात्रभर दारू ठेवणं म्हणजे दुसऱ्या दिवशी नुसता फुस्स. पण रेंजवरच किंवा मागे मातीचा चांगला बांध बघून झाडतो, गोठलेल्या जमिनीत नाही. गोठलेल्या जमिनीवरून गोळी उसळते.

जुना_बार
तुमची इनलाइन आहे, रोज झाडायची गरज नाही. आधी प्रायमर काढा, मगच गाडीकडे निघा. गाडीत ठेवताना तुमच्या राज्यात "रिकामी" कशाला म्हणतात ते नियमांच्या पुस्तिकेत बघून घ्या, बहुतेक ठिकाणी प्रायमर काढलेला असणं एवढं पुरतं. मग बंदूक घरात उबेत आणू नका. उणे तापमानातली नळी ऊबदार घरात आली की आतून घाम धरते आणि दारू ओलावते. गॅरेजमध्ये थंडच, कुलपात, आणि घोड्याला "भरलेली आहे" अशी चिठ्ठी बांधून. शेवटच्या दिवशी मात्र मोकळी करा. तुमच्या बंदुकीची ब्रीच प्लग, म्हणजे नळीचं मागचं बूच, मागून निघते, गोळी आणि दारू पुढून ढकलून बाहेर काढता येते, झाडायचीही गरज नाही. प्लगच्या आट्यांना ग्रीस लावायला विसरू नका, नाहीतर फेब्रुवारीत ती पान्यालाही ऐकत नाही.

मक्याचं_कणीस
ग्रीस आणतो. हरीण मिळालं तर ठेचाभाऊंच्या सावजीचा फोटो इथेच टाकेन, नाही मिळालं तर रेंजवरच्या कागदाचा.

वऱ्हाडी_ठेचा
कागदाची सावजी नाही होत भाऊ.